उत्तम समालोचक कोणास म्हणावें?

श्रोतेहो, खेळाच्या मैदानावर जो खेळतो त्याचें नांव इतिहासांत राहतें. जो पाहतो त्याला आनंद मिळतो. पण जो खेळत नाहीं आणि केवळ स्वतःसाठीं पाहतही नाहीं, तर दुसऱ्यांसाठीं पाहतो, अशा एका तिसऱ्या मनुष्याविषयीं मी आज बोलणार आहें. त्याला कोणी समालोचक म्हणतात, कोणी निवेदक म्हणतात, आणि त्याच्या बोलण्याला धांवतें वर्णन किंवा धांवतें समालोचन असें नांव आहे. हा व्यवसाय अगदीं नवा. त्याचें वय शंभर वर्षांहून थोडेंसेंच अधिक. तथापि एवढ्या अल्प काळांत त्यानें कोट्यवधि लोकांना कानांनीं पाहावयास शिकविलें. या कलेचा इतिहास थोडक्यांत सांगावा, आणि तो सांगतां सांगतां उत्तम समालोचक कोणास म्हणावें या प्रश्नाचें उत्तर शोधावें, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

हा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे पहिलें नांव निघतें तें संजयाचें. आंधळ्या धृतराष्ट्राला युद्ध सांगणारा संजय हाच जगांतील पहिला समालोचक, असें आपण सहज बोलून जातों. परंतु भीष्मपर्व नीट वाचलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. दहा दिवसांचें युद्ध होऊन गेल्यावर संजय रणांगणावरून परत येतो आणि प्रथमच सांगून टाकतो कीं, भीष्म पडले. मग राजा शोक करतो, 'हें कसें घडलें?' असें विचारतो, आणि त्यानंतर पहिल्या दिवसापासूनची हकीकत सुरू होते. म्हणजे सांगावयास बसतांना संजयाला शेवट ठाऊक होता. आपल्या समालोचकाला तो ठाऊक नसतो. त्याच्या तोंडांतून शब्द निघतो त्या क्षणीं चेंडू अजून हवेंत असतो. झेल घेतला जाईल कीं सुटेल, हें त्यालाही कळलेलें नसतें. या दृष्टीनें त्याचें काम संजयापेक्षांही अवघड म्हणावें लागेल.

मात्र संजयापासून घेण्यासारखा एक गुण आहे. त्याचा श्रोता एका पक्षाचा पिता होता, आणि संजय त्याचेंच अन्न खात होता. तरीही कौरवांचा पराभव त्यानें पराभव म्हणूनच सांगितला. या गुणाकडे आपल्याला पुढें पुन्हां यावयाचें आहे.

आतां ज्याच्यासाठीं हें सारें वर्णन करावयाचें, तो श्रोता कोण हेंही ठरवून घेऊं. नगरहून सोलापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कर्जत तालुक्यांत, मिरजगांव नांवाचें एक मोठें गांव लागतें. हा मुलूख कमी पावसाचा. येथील माणसाचें लक्ष आधीं आभाळाकडे आणि मग इतर गोष्टींकडे. मुंबईचें ब्रेबोर्न मैदान, कलकत्त्याचें ईडन उद्यान, लंडनचें लॉर्डस् हीं स्थळें त्याच्या वाटेवरचीं नव्हेत. दूरचित्रवाणी घरोघर येईपर्यंत मोठ्या सामन्यांशीं त्याचा संबंध केवळ कानांचा होता. समालोचकाची परीक्षा घ्यावयाची ती या श्रोत्याला डोळ्यांपुढें धरून घ्यावी. मैदानावर बसलेल्याला वर्णनाची गरज नसते. मिरजगांवच्या श्रोत्याला मात्र त्या एका आवाजावांचून दुसरें कांहींच दिसत नसतें.

या कलेचा प्रारंभ अमेरिकेंत झाला. तेथील राष्ट्रीय खेळ बेसबॉल. चेंडू फेंकणारा, दांडूनें तो टोलविणारा, आणि टोला बसतांच एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याकडे धांवणारा, असा हा आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद आहे. ५ ऑगस्ट १९२१ रोजीं पिट्सबर्ग शहरांतील एका नभोवाणी केंद्रावरून हॅरॉल्ड आर्लिन या तरुणानें पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया यांच्यामधील सामन्याचें वर्णन केलें. पिट्सबर्गनें तो सामना ८ विरुद्ध ५ असा जिंकला. पुढच्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें क्रिकेटच्या सामन्याचें वर्णन नभोवाणीवर गेलें, आणि १४ मे १९२७ रोजीं इंग्लंडांत लेटन येथें एसेक्स विरुद्ध न्यूझीलंड या सामन्याचें वर्णन फ्रँक गिलिंगहॅम यांनीं केलें. हे गृहस्थ स्वतः नांवाजलेले फलंदाज आणि पेशानें धर्मोपदेशक. बोलण्याची संवय त्यांना दोन्हीं बाजूंनीं होती.

तरीही सर्वांना एकच शंका होती. मुष्टियुद्धाचें किंवा घोड्यांच्या शर्यतीचें वर्णन समजण्यासारखें आहे, कारण तेथें सारखें कांहीं ना कांहीं घडत असतें. पण क्रिकेट काय, बेसबॉल काय, यांत चेंडू प्रत्यक्ष खेळांत असतो तो कांहीं क्षणच. बाकीचा काळ गोलंदाज आपल्या जागीं परत जातो, फलंदाज हातमोजे सारखे करतो, क्षेत्ररक्षक इकडचा तिकडे होतो. हा रिकामा वेळ भरावयाचा कशानें? गिलिंगहॅम यांच्याविषयीं अशी कथा सांगतात कीं, एकदां खेळ थांबला असतां त्यांनीं मैदानाभोंवतीं लावलेल्या जाहिराती एकामागून एक वाचून दाखविल्या, आणि जाहिरातींचें वावडें असलेल्या बी. बी. सी. चे अधिकारी त्यामुळें फार संतापले!

कथेंतील विनोद सोडून दिला तरी तींतील अडचण खरी आहे. समालोचकाची खरी कसोटी षटकार बसतो तेव्हां लागत नाहीं. तेव्हां प्रेक्षकांची आरोळीच निम्में काम करते. कसोटी लागते ती कांहींच घडत नसतें त्या वेळीं. जो जाणता आहे त्याला रिकाम्या वेळींही पुष्कळ दिसत असतें. वारा कोणत्या बाजूनें वाहतो, खेळपट्टीवरची ओल वाळली कीं नाहीं, कर्णधारानें दुसरा क्षेत्ररक्षक यष्टीजवळ कां आणला, मघांचा चेंडू चुकल्यापासून फलंदाजाचा पाय पुढें येण्यास कां कचरतो, हें सर्व तो सांगतो. जो अजाण आहे तो स्वतःच्या गोष्टी सांगतो. आपल्याकडे विजयानगरमचे महाराजकुमार, ज्यांना सर्व क्रिकेटजगत् 'विझी' म्हणून ओळखी, ते समालोचन करीत असतां पाल्हाळाबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनीं आपण किती वाघ मारले तें एका पाहुण्या खेळाडूला सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, "मला वाटलें, आपण जंगलांत रेडिओ ठेवून समालोचन लावीत असाल आणि वाघ कंटाळून मरत असतील!" ही आख्यायिका असेल, पण ती जन्मास आली याचें कारण श्रोत्यांना ठाऊक होतें.

अमेरिकेंत रेड बार्बर नांवाचा एक थोर समालोचक होऊन गेला. १९३४ पासून सिनसिनाटी येथें आणि १९३९ पासून ब्रुकलिन येथें तो बेसबॉलचें वर्णन करी. त्याच्या टेबलावर एक लहानसें वाळूचें घड्याळ असे. अंडें उकडण्याची वेळ मोजण्यासाठीं स्वयंपाकघरांत ठेवतात तसें, तीन मिनिटांचें. वाळू खालीं उतरली कीं तो सामन्याची स्थिति सांगे आणि घड्याळ उलटें करी. वाळू पुन्हां उतरली कीं पुन्हां स्थिति. यांत चमत्कार कांहींच नाहीं. पण श्रोत्याविषयींचा आदर केवढा आहे पाहा! आपला श्रोता आरंभापासून बसलेला नाहीं, तो आतांच शेतावरून आला आहे, नुकतेंच दुकान बंद करून घरीं पोंचला आहे, याची आठवण त्या वाळूच्या घड्याळानें त्याला दिली. आपल्यापैकीं कितीजणांनीं रेडिओ लावून, "धांवा किती? गडी किती?" असा प्रश्न त्या यंत्रालाच विचारला असेल, आणि उत्तर मिळेपर्यंत दहा मिनिटें तळमळत काढलीं असतील!

याच बार्बरच्या आयुष्यांत एक कठीण प्रसंग आला. तो अमेरिकेच्या दक्षिण भागांतला, गोऱ्या-काळ्यांचा भेद मानणाऱ्या समाजांत वाढलेला. त्या काळीं अमेरिकेच्या श्रेष्ठ दर्जाच्या बेसबॉल संघांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नसे. १९४५ मध्यें ब्रुकलिन संघाचे चालक ब्रँच रिकी यांनीं त्याला विश्वासांत घेऊन सांगितलें कीं, आपण एका कृष्णवर्णीय खेळाडूला संघांत आणणार आहों. बार्बरच्या मनांत प्रथम नोकरी सोडण्याचा विचार आला. पण पुढें त्याच्या मनानें असा निश्चय केला कीं, आपलें काम चेंडूचें वर्णन करण्याचें आहे. मैदानावर जें घडेल तें सांगावें, खेळणाराचा रंग कोणता याचा न्याय आपण करूं नये. १५ एप्रिल १९४७ रोजीं जॅकी रॉबिन्सन मैदानावर उतरला, आणि बार्बरनें त्याचा खेळ इतर कोणाच्याही खेळाप्रमाणेंच वर्णन केला. लक्षावधि श्रोत्यांच्या घरांत रॉबिन्सन शिरला तो या आवाजाबरोबर. तो आवाज किंचितही तिरका झाला असता तर काय झालें असतें, याचा विचार करण्यासारखा आहे.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं उघडलें. पुढें खासगी कंपनी बुडाली, सरकारनें कारभार हातीं घेतला, आणि १९३६ मध्यें 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव आलें. त्याच्याही आधीं, १९३४ मध्यें, एस्प्लनेड मैदानावर चौरंगी सामन्यांपैकीं पारशी विरुद्ध मुसलमान हा सामना चालू असतां ए. एफ. एस. तल्यारखान यांनीं त्याचें इंग्रजींतून धांवतें वर्णन केलें. हिंदुस्थानांतील क्रिकेट-समालोचनाचा आरंभ येथून धरतात. तल्यारखान यांना सर्व मुंबई 'बॉबी' म्हणे. आवाज घनगंभीर, भाषेवर प्रभुत्व, आणि दम असा कीं, उपाहाराच्या व चहाच्या सुटीखेरीज दिवसभर ते एकटे बोलत. दुसरा कोणी जोडीला बसलेला त्यांना खपत नसे.

त्या पहिल्या सामन्याची परिस्थिति नीट ध्यानांत घ्या. संघ धर्मावरून पडलेले. पुढें १९३७ पासून पांचवा संघ येऊन सामने पंचरंगी झाले तरी तो प्रकार तसाच राहिला. वर्णन करणारा पारशी, खेळणाऱ्या दोन संघांपैकीं एक पारशांचा, आणि ऐकणारे सर्व धर्मांचे. शहरांत दंगे व्हावयास त्या काळीं निमित्त पुरत असे. अशा वेळीं एखादा पायचीतचा निर्णय सांगतांना आवाजांत थोडासा राग आला, एखाद्या सुटलेल्या झेलावर थोडेंसें हसूं आलें, तर तें मैदानापुरतें राहत नाहीं. तें वायुवेगानें मोहल्ल्या-मोहल्ल्यांत आणि वाडी-वाडींत जातें. डिसेंबर १९४० मध्यें महात्मा गांधींनीं जातवार संघांच्या या प्रथेविषयीं आपली नापसंती स्पष्ट कळविली, आणि हे सामने बंद व्हावेत असें म्हणणाऱ्यांत तल्यारखानही होते. १९४६ च्या सुमारास ते थांबले. ज्याच्या वाणीनें त्या सामन्यांना घरोघर पोंचविलें त्यालाच त्यांतील दोष दिसावा, यांत विसंगति नाहीं. दिवसभर दोन्ही बाजूंकडे सारख्या डोळ्यांनीं पाहणाराला तो इतरांपेक्षां आधीं दिसणें साहजिक होतें.

१९४८-४९ मध्यें वेस्ट इंडीजचा संघ हिंदुस्थानांत आला, तेव्हां नभोवाणीच्या चालकांनीं आळीपाळीनें बोलणारे तिघे समालोचक नेमण्याचें ठरविलें. तल्यारखान यांनीं तें मानलें नाहीं आणि ते बाजूला झाले. या प्रसंगीं कोणाचें चुकलें? मला वाटतें, दोन्ही पक्षांना आपापलें म्हणणें होतें. एकाच माणसानें दिवसभर सांगितलेल्या सामन्याला एक अखंड सूत्र असतें. सकाळीं पेरलेली शंका संध्याकाळीं तोच सोडवितो. उलट पांच पांच दिवसांच्या सामन्यांत एकच डोळा थकतो, आणि त्याच्या थकव्याची शिक्षा श्रोत्याला होते. काळानें निकाल तिघांच्या बाजूनें दिला. आज जगांत सर्वत्र समालोचक पाळीनेंच बोलतात. एक मोठा आवाज मात्र त्या वेळीं कांहीं काळ गमावला गेला, ही गोष्ट राहतेच.

याच सुमारास, १९४६ मध्यें, हिंदी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्या दौऱ्याचें वर्णन बी. बी. सी. च्या पौर्वात्य विभागामार्फत हिंदुस्थानांतील श्रोत्यांसाठीं व्हावें म्हणून एका नवख्या माणसाला पाठविण्यांत आलें. हा गृहस्थ पूर्वीं पोलिसांत होता, कविता करीत असे, आणि नुकताच नभोवाणीच्या नोकरींत शिरला होता. त्याचें नांव जॉन आरलॉट. क्रिकेटच्या समालोचनांत पुढें त्याच्याइतका मान क्वचितच कोणाला मिळाला, आणि त्याची पहिली कामगिरी आपल्या लोकांसाठीं होती, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. आरलॉटचा विशेष असा कीं, तो खेळाबरोबर माणूस दाखवी. गोलंदाजाची चाल, त्याचे खांदे, त्याचा थकवा. चेंडू कोठें गेला हें धांवफलकावरूनही कळतें. पण तो टाकणारा कसा चालत परतला हें सांगावयास डोळ्यांमागें कवीचें मन लागतें.

वर्णनाची आणखी एक बाजू आहे, आणि ती थोडी अवघड आहे. समालोचकानें जें पाहिलें नाहीं तें सांगावें काय? १९३८ मध्यें ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडांत खेळत असतां सिडनीच्या नभोवाणीगृहांत समालोचक बसत. इंग्लंडाहून तारा येत. त्या संक्षिप्त मजकुरावरून ते संपूर्ण षटक उभें करीत, लांकडावर पेन्सिल आपटून फळीचा आवाज काढीत, आणि टाळ्यांच्या तबकड्या वाजवीत. अमेरिकेंतही अशीच पद्धत होती. पुढें १९८१ ते १९८९ या काळांत अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन तरुणपणीं आयोवा राज्यांत हेंच काम करीत. ते स्वतः सांगत कीं, एकदां मध्येंच तार बंद पडली. 'तार बंद आहे' असें सांगितलें तर श्रोते दुसरें केंद्र लावतील, म्हणून त्यांनीं त्या फलंदाजाला मिनिटांमागून मिनिटें चेंडू बाहेर टोलवीत ठेवलें. तार पुन्हां सुरू झाली तेव्हां कळलें कीं, तो गडी पहिल्याच चेंडूवर झेल देऊन बाद झाला होता!

गोष्ट ऐकून हसूं येतें. पण विचार केला म्हणजे दोन्हींत फरक दिसतो. ऑस्ट्रेलियांतील रचना ही एक प्रकारें अनुवाद होती. मूळ मजकूर तारेंत होता, आणि पेन्सिलीचा तो आवाज कशाचा हें फारसें गुपित नव्हतें. उलट आयोवांत कांहीं मिनिटांपुरता खेळच निर्माण केला गेला. हानि कोणाची झाली नाहीं हें खरें. परंतु मिरजगांवच्या श्रोत्याजवळ पडताळा पाहण्याचें कांहींच साधन नसतें. त्यानें आपले डोळे दुसऱ्याजवळ विश्वासानें ठेवलेले असतात. म्हणून तार तुटली असेल तर 'तार तुटली' असेंच सांगणें, आणि 'झेल जमिनीला लागला कीं नाहीं हें मला येथून दिसलें नाहीं' असें म्हणण्यास न लाजणें, हें समालोचकाच्या प्रामाणिकपणाचें लक्षण मानावें.

आतां मराठीचा विचार. इंग्रजींतून समालोचन सुरू झाल्यावर, मराठींत हें कसें जमणार, असा प्रश्न कित्येक वर्षें विचारला जात असे. भाषा गोड आहे, पण तिला धांवतां येईल काय? या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं बोलून दाखविलें त्यांत बाळ ज. पंडित यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. १९२९ मध्यें जन्मलेले पंडित महाराष्ट्राकडून रणजी करंडकांत खेळले होते. लेखणी विनोदी होती, आणि क्रिकेटवर त्यांनीं पुष्कळ पुस्तकें लिहिलीं. आकाशवाणीवरून त्यांनीं मराठी समालोचन घराघरांत नेलें. २०१५ मध्यें पुण्यास ते वारले. वृत्तपत्रांत क्रीडापृष्ठाला प्रतिष्ठा मिळवून देणारे वि. वि. करमरकर यांनींही मराठींतून समालोचन केलें. ते २०२३ मध्यें निवर्तले. खेळ जाणणें आणि मराठी जाणणें हे दोन गुण या मंडळींच्या ठिकाणीं एकत्र आले.

मराठीच्या शब्दसंपत्तीकडे पाहा. 'गोलंदाज' हा शब्द मूळचा तोफखान्यांतला, तोफेचा गोळा डागणारा तो गोलंदाज. त्याच्याच धर्तीवर फळी धरणारा 'फलंदाज' झाला. तीन यष्ट्या उडाल्या कीं 'त्रिफळा' उडाला. वैद्याचें चूर्ण खेळांत आलें! धांवचीत, पायचीत, यष्टिचीत यांतील 'चीत' तर सरळ कुस्तीच्या आखाड्यांतून आला. पाठ जमिनीला लागली कीं मल्ल चीत. परदेशी खेळाला मराठी माणसानें अशा रीतीनें आपल्या तोफखान्याची, औषधांची आणि तांबड्या मातीची भाषा दिली. एखादा शब्द फार काटेकोर झाला तर पंचाईतही होते. 'षटक' म्हणजे सहांचा गट. पण ऑस्ट्रेलियांत १९७९ पर्यंत एका षटकांत आठ चेंडू टाकीत, तेव्हां तेथील 'षटक' हें नांवालाच षटक होतें.

वाक्यरचनेंतही मराठीचा एक मोठा लाभ आहे. आपलें क्रियापद शेवटीं येतें. "चेंडू उंच गेला आहे, सीमारेषेकडून क्षेत्ररक्षक पुढें येतो आहे, तो खालीं पोंचला आहे, आणि झेल..." येथपर्यंत श्रोत्याचा श्वास रोखलेला राहतो, आणि मग "सुटला!" हा एक शब्द येतो. घटना आणि वाक्य एकाच क्षणीं संपतात. मात्र हा लाभ घेण्यास वाक्य लहान ठेवावें लागतें. विशेषणांची माळ ओवीत बसलें तर क्रियापद येईपर्यंत चेंडू गोलंदाजाच्या हातांत परत पोंचलेला असतो.

क्रिकेटच्याही आधींची आपली खरी मैदानी परंपरा कुस्तीची. मिरजगांव-कर्जतचा प्रदेश या नादापासून दूर नाहीं. मार्च २०२५ मध्यें कर्जत येथेंच महाराष्ट्र केसरी किताबाच्या कुस्त्या झाल्या आणि वेताळ शेळके यांनीं गदा मिळविली. कुस्तीच्या फडांत हलगीबरोबर ध्वनिवर्धकावरून एक आवाज घुमत असतो, तो निवेदकाचा. कोल्हापूरकडील कोथळीचे शंकर पुजारी यांच्यासारख्यांनीं हें निवेदन एक स्वतंत्र कला म्हणून नांवारूपास आणलें. येथें श्रोते समोरच बसलेले असतात, त्यांना दिसतही असतें. मग निवेदक कशासाठीं? कारण दिसणें आणि कळणें यांत अंतर आहे. दोन मल्ल कितीतरी वेळ एकमेकांत गुंतून जवळजवळ निश्चल असतात. कोण कोणाचा दम काढतो आहे, ढाकेची तयारी चालली आहे कीं घिश्श्याची, हें जाणता निवेदक सांगतो. हा मल्ल कोणत्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, हें सांगून तो त्याच्यामागें त्याचें सारें गांव उभें करतो. अमेरिकेंतही असेंच घडलें. लॉस एंजल्सचे प्रेक्षक मैदानावर बसून, खेळ डोळ्यांनीं पाहत असतांही, कानाला छोटा रेडिओ लावून व्हिन स्कली याचें वर्णन ऐकत. आपल्याकडेही प्रेक्षागारांत कानाशीं ट्रान्झिस्टर धरलेली माणसें कोणी पाहिलीं नाहींत?

निवेदकाच्या अंगीं समतोल किती असावा लागतो तेंही कुस्तीच्या फडांत दिसतें. फेब्रुवारी २०२५ मध्यें अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत पंचांच्या निर्णयावरून मोठा क्षोभ झाला. अशा वेळीं हजारों लोकांपुढें ज्याच्या हातांत ध्वनिवर्धक असतो त्याचा एक शब्द समुदायाला भडकवूं शकतो किंवा खालीं बसवूं शकतो. पंचाचा निर्णय त्याला पटो वा न पटो, तो निर्णय नीट सांगणें हेंच त्याचें काम. संजयाचा जो गुण आपण आरंभीं पाहिला, तो येथें उपयोगीं पडतो.

शेवटीं मौनाविषयीं दोन शब्द. स्कली हा रेड बार्बरचा शिष्य. १९५० ते २०१६ अशीं सदुसष्ट हंगामें त्यानें समालोचन केलें आणि २०२२ मध्यें तो वारला. ८ एप्रिल १९७४ रोजीं हँक आरन या कृष्णवर्णीय खेळाडूनें आपला ७१५ वा टोला प्रेक्षकांत भिरकावून बेब रूथचा जुना विक्रम मोडला. स्कलीनें टोल्याचें वर्णन केलें आणि तो गप्प बसला. बराच वेळ केवळ प्रेक्षकांचा जयघोष ऐकूं येत होता. मग त्यानें सांगितलें कीं, दक्षिणेच्या एका शहरांत एका कृष्णवर्णीयासाठीं सारा समुदाय उभा राहून टाळ्या वाजवीत आहे. आयुष्यभर बोलण्यावर पोट भरणाऱ्या माणसाला कोठें थांबावें हें कळलें होतें, म्हणूनच त्याचें पुढचें वाक्य लोकांच्या लक्षांत राहिलें.

आज दूरचित्रवाणी आहे, खिशांतल्या दूरध्वनीवरही सामना दिसतो. मग समालोचकाची गरज उरली आहे काय? माझें उत्तर असें कीं, गरज बदलली आहे, संपलेली नाहीं. ज्याला दिसत नाहीं असा अंध श्रोता आहे. ज्याचे हात आणि डोळे कामांत गुंतले आहेत असा मालमोटारीचा चालक आहे, पिकाला पाणी देणारा शेतकरी आहे. आणि ज्याला चित्र दिसतें त्यालाही त्या चित्राचा अर्थ सांगणारा जाणता माणूस हवाच असतो. आजच्या कित्येक समालोचकांचा दोष हा कीं, चित्र दिसतें म्हणून ते ओरडतात. समोर चौकार दिसत असतां 'चौकार!' म्हणून गर्जना करतात, आणि तो कां गेला हें सांगत नाहींत. कांहींजण एकाच संघाचे भाट होऊन बसतात. त्यांना धृतराष्ट्र आनंदी ठेवावयाचा असतो. पण धृतराष्ट्राला युद्ध कळावयाचें राहून जातें.

तेव्हां, श्रोतेहो, उत्तम समालोचक कोणास म्हणावें? जो खेळ जाणतो पण आपलें जाणतेपण मिरवीत नाहीं. जो वाळूचें घड्याळ मनांत ठेवून उशिरां आलेल्या श्रोत्याला स्थिति सांगतो. ज्याची भाषा श्रोत्याच्या घरांतली असते. जो न पाहिलेलें पाहिलें म्हणून सांगत नाहीं. ज्याच्या आवाजावरून त्याची जात, धर्म वा पक्ष ओळखतां येत नाहीं. आणि जो योग्य क्षणीं गप्प बसतो, त्याला. यांपैकीं आवाज ही एकच देणगी जन्माची आहे, आणि तीच सर्वांत कमी महत्त्वाची. बाकीचें सारें अभ्यासानें आणि सचोटीनें मिळविण्यासारखें आहे. आपल्या घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी अंगणांतला खेळ पाहून आजीला आंत येऊन सांगत असेल, तर त्याचें बोलणें तोडूं नका. फक्त 'खरें तेंच सांग' एवढें म्हणा.